मधला खांब

जपानात काय बघितलं, विचारतात
नव्या गावातल्या सिमेंटच्या ओट्यावर बसलेले.
म्हणलं, खांब.
तोही दिसला नाही.

लेक ओसाकात नोकरीला. प्रणितानं तिकीट धाडलं,
बुटाचे पैसे वेगळे.
औशाच्या स्टँडवरून निघालेला माणूस
चौथ्या दिवशी नाऱ्याजवळ उतरला, तर समोर
पाच छपरं एकावर एक :
पायली, अडशेरी, शेर, अच्छेर, पावशेर
कुणी उपडी घालून रचावी तशी.
तेराशे वर्षांचं लाकूड, ती म्हणाली.
म्हणलं, थांब, सांधे बघू दे.

लोक फोटो काढत होते.
मी मान मोडेस्तोवर तुळया मोजल्या,
कुठं कूस, कुठं खाच.
खिळा मला तरी एक दिसला नाही.
रंध्याचा हात नव्हता तो,
दुसरंच काही हत्यार,
लाकडावर बारीक लाटा ठेवून गेलेलं.

शेंड्यावरच्या कांबीला चार विळे.
विळेच. आपण ज्वारी कापतो तसले.
वीज पडू नये म्हणून, म्हणाली.
मला भुजंगाच्या दोन म्हशी आठवल्या,
चिंचेखालच्या.

मग मी एका खांबाला हात लावला.
पांढऱ्या हातमोज्यांचा एक म्हातारा आला,
वाकला, पाटी दाखवली,
पुन्हा वाकला.
मीही वाकलो. हात काढला नाही.
तिसऱ्यांदा वाकला तेव्हा काढला.
प्रणिता कानापर्यंत लाल.

तिनं त्याला काय सांगितलं काय की,
तो बोलत गेला, ती मराठीत आणत गेली :
आत मधोमध एक खांब आहे,
तळापासून शेंड्यापर्यंत एक.
त्याच्यावर एकाही मजल्याचा भार नाही.
जमीन हलली की मजले आपापले डुलतात,
खालचा डावीकडं, तर वरचा उजवीकडं,
आणि हा मधे.
मधे काय करतो?
म्हाताऱ्यानं हसून तळवे उलटे केले.
ते नक्की माहीत नाही.
पडलं नाही, एवढं माहीत आहे.

दाराला जाळी. आत अंधार.
अंधारात मातीची वीतभर माणसं,
तोंडं उघडी, रडणारी,
मधे कुणीतरी आडवं झालेलं.
ते मी पुरतं बघितलं नाही.

हे इथं सांगावं कसं?
पाच फळ्या कापल्या, भोकं पाडली,
काठी ओवली, बाजेवर उभं केलं.
नामदेवच्या नातवाला म्हणलं, हलव.
दोनदा तगलं.
तिसऱ्यांदा सगळं खाली आलं, काठीसकट.
पोरं हसली.
मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही.

दिवस मावळायला जुन्या गावाकडं गेलो.
बाभळी, घाणेरी, कुणाच्या तरी चुलीचे तीन दगड.
गणपती बोळवून निजलो होतो त्या रात्री.
दोन हात रुंद भिंती आत आल्या,
माळवदाची माती वरून.
बापानं घडवलेले सागवानी खांब
तेवढे जागचे हलले नाहीत.
बाप त्यांच्याच मधे निजला होता.

दिगंबर, काय काम केलंय रे तुझ्या बापानं,
लोक म्हणाले, दगड उपसता उपसता.
तीस वर्षं झाली,
ह्याला काय बोलावं मला सुचलं नाही.

त्यातले बाकीचे विकले. एक ठेवला.
वर तुळई नाही, आढं नाही,
कशाचाच भार नाही.
शेळी बांधतं कुणीतरी.
दावं ताणलं की तो जरासा डुलतो
आणि परत सरळ.

हात लावला.
इथं कुणी वाकत आलं नाही.
अंधार पडल्यावर
मीच काढला.